माप नवं, आवड तीच
उतारवयातल्या कपड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी साठी ओलांडलेल्या वाचकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं दोघींनी मिळून लिहिली आहेत. एक शिवणकाम शिकवतात, दुसऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, म्हणजे आजारपणात किंवा उतारवयात रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मदत करतात. मापं सेंटिमीटरमध्ये आहेत, बटणांची तेवढी मिलिमीटरमध्ये.

प्रश्न : माझं वय ६७. वजन फारसं वाढलेलं नाही, तरी गेल्या पाच-सहा वर्षांत कुठलाच कुर्ता अंगावर नीट बसत नाही. मागून वर चढतो, पुढून लोंबतो, गळा सारखा खाली ओढावा लागतो. आयुष्यभर मी नेटके, अंगाबरोबर बसणारे कपडे घातले. आता ढगळ गाऊन चढवायचा आणि गप्प बसायचं, एवढंच उरलं का?

उत्तर : मुळीच नाही. तुम्ही जे वर्णन केलंत ते वाचूनच दोष कुठे आहे ते कळतं. चाळिशीनंतर दर दहा वर्षांत उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी होते, कारण मणक्यांमधल्या चकत्या पातळ होतात. पाठीचा वरचा भाग थोडा गोल होतो आणि खांदे पुढे येतात. त्यामुळे पाठीची लांबी वाढते आणि छातीची घटते. तयार कपडे मात्र ताठ पाठ धरून कापलेले असतात. मागच्या बाजूला कापड दोन ते चार सेंटिमीटर कमी पडतं, म्हणून कुर्ता मागे ओढला जातो. मागची कड वर जाते, पुढचा गळा कंठाशी येतो आणि छातीच्या वर आडव्या सुरकुत्या पडतात. मोठ्या साइजचा कुर्ता घेतला की घेर वाढतो, पाठीची लांबी जिथे हवी तिथे वाढतच नाही. म्हणून ढगळ कपडासुद्धा मागून चढलेलाच राहतो. ढगळपणा हा यावरचा उपाय नाहीच.

मापं पुन्हा घ्यायला हवीत, आणि ती स्वतःची स्वतः घेऊ नका. माप घ्यायला मान वळवली की पाठ बदलते. आधी नेमकी बसणारी ब्रा घाला. जुन्या सैल ब्रावर घेतलेलं माप नवी घातल्या दिवशी चुकतं. कमरेला इलॅस्टिकचा तुकडा बांधा, तो जिथे आपसूक स्थिरावेल ती तुमची आजची कंबर. मग नेहमी उभ्या राहता तशाच उभ्या राहा. टेप दिसला की आपण सगळेच ताठ होतो, तेवढं टाळा. पुढची चार मापं महत्त्वाची आहेत. पहिलं, मानेच्या मागच्या उंच हाडापासून कमरेच्या इलॅस्टिकपर्यंत. दुसरं, मान आणि खांदा जिथे मिळतात तिथून छातीच्या टोकावरून पुढच्या कमरेपर्यंत. तिसरं, त्याच बिंदूपासून छातीच्या टोकापर्यंत. चौथं, हात किंचित पुढे घेऊन पाठीची रुंदी, एका मुंढ्यापासून (बाही जोडतात ती जागा) दुसऱ्यापर्यंत. पहिलं आणि दुसरं माप जुन्या मापांशी ताडून पाहा. पाठ वाढलेली आणि पुढचा भाग घटलेला दिसला, तर बाकी सगळं त्यातूनच सुटत जातं.

शिवून घेणार असाल तर टेलरला "पाठीला गोलाई आहे" एवढं सांगून भागत नाही. कापड बेतायच्या कागदावर, मागच्या भागात, खवाट्यांच्या उंचीला आडवी चीर द्यायची आणि मध्यावर दीड ते तीन सेंटिमीटर उघडायची. मुंढ्यापाशी ती शून्य होते. यातून आलेलं जादा कापड मानेपाशी दोन छोट्या टक्समध्ये (शिवलेल्या निमुळत्या घड्यांत) घ्यायचं, प्रत्येकी पाच-सहा सेंटिमीटर लांबीच्या, किंवा मागे योक (खांद्यालगतचा वेगळा जोडलेला तुकडा) देऊन त्याखाली बारीक चुण्यांत. पुढच्या भागात छातीच्या वर, मध्यावर एक ते दीड सेंटिमीटर घडी घालून काढून टाकायचं. खांद्याची शिलाई एक सेंटिमीटर पुढे आणायची आणि बाहीचा वरचा मध्यबिंदू तेवढाच पुढे सरकवायचा. ही शेवटची गोष्ट टेलर हमखास विसरतात. मग बाहीवर तिरप्या सुरकुत्या येतात आणि दोष "दंड जाड झालाय" यावर जातो. छातीचा टक्स नव्या टोकाकडे रोखलेला हवा आणि त्याच्या अडीच सेंटिमीटर अलीकडे संपायला हवा. टोक जिथे होतं तिथेच टक्स राहिला, तर महागडं कापडही दुसऱ्या कुणाचं उसनं आणल्यासारखं दिसतं.

पहिला कुर्ता साध्या सुती कापडात शिवा आणि माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, दोन सेंटिमीटर सोडायला सांगा. घालून झाल्यावर कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. बाजूची शिलाई ओळंब्यासारखी सरळ खाली येते का आणि कड जमिनीला समांतर आहे का, हे बघा. दोन्ही गोष्टी जमल्या असतील तर तो बेतायचा कागद जपून ठेवा. पुढचे सगळे कपडे त्यावरूनच कापता येतील.

तयार कपड्यांत मागे योक आणि चुण्या असलेले, रॅगलन बाहीचे (बाही थेट गळ्यापर्यंत जाते, खांद्यावर शिलाई नसते), किंवा मागची कड पुढच्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर लांब असलेले प्रकार निवडा. चौकडा आणि आडवे पट्टे पाठीचा बाक मोजून दाखवतात, बारीक सर्वदूर छपाई तो झाकते. कुर्त्याची कड पोटाच्या सर्वांत फुगीर जागी संपत असेल तर तेवढी एकच गोष्ट बदलून बघा. पाच ते आठ सेंटिमीटर खाली आणली की बांधा निराळा दिसतो. साडी नेसत असाल तर ब्लाऊजलाही हेच सगळं लागू आहे. उंची कमी झाली की जुनी निऱ्यांची उंची पायात येते, म्हणून परकर आधी नव्या उंचीला आखडा आणि मग साडी त्यावर बेता. परकराला बारीक नाडीऐवजी पाच सेंटिमीटर रुंद पट्टी लावा. पातळ झालेल्या त्वचेत नाडी रुतते आणि तिथे जखम होऊ शकते.

प्रश्न : मी ७२ वर्षांचा निवृत्त माणूस. नोकरीभर इस्त्रीचा शर्ट, गडद पँट, बूट. निवृत्तीनंतर दिवसभर बनियन आणि पायजमा. बाहेर जायचं तर जुना ऑफिसचा शर्ट, पण तो घातला की नाटकातला वेष केल्यासारखं वाटतं. मला काय आवडतं, हेच मला माहीत नाही.

उत्तर : आधी काही विकत घेऊ नका. दोन आठवडे रात्री वहीत एक ओळ लिहा. आज काय घातलं, कुठे गेलो, आणि त्यात स्वतःसारखं वाटलं का. "हो" असेल तिथे कारणही लिहा : खिसा होता, बाही दुमडता येत होती, कॉलर कडक होती, कापड हाताला मऊ होतं. बहुतेकांना या कारणांत दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतात. तुमची आवड तिथे आहे. नोकरीने ती झाकली होती एवढंच. पेन लावायचा खिसा ज्याला प्रिय आहे त्याने तो कुठल्याही कपड्याला लावून घ्यावा. त्यासाठी ऑफिसचा शर्ट लागत नाही.

दुसरं, झोपायचे कपडे आणि घरात वावरायचे कपडे वेगळे करा. पायजमा सकाळी बदलला की दिवस सुरू झाल्याचं अंगाला कळतं, आणि दारावर कुणी आलं तर आत पळावं लागत नाही. आम्ही हे किरकोळ समजत नाही. निवृत्त माणसांच्या कपड्यांत सर्वांत जास्त फरक याच एका सवयीने पडतो.

संख्या थोडी ठेवा. वरचे सहा, खालचे तीन आणि अंगावर घ्यायचे दोन : एखादं जाकीट, एखादा स्वेटर. अट एकच, खालचा प्रत्येक कपडा वरच्या प्रत्येकाशी चालला पाहिजे. मग अठरा जोड्या होतात आणि सकाळी विचार करावा लागत नाही.

जुने शर्ट "वेष" वाटतात याचं अर्धं कारण माप असतं. वरचं बटण लावून कॉलरमध्ये बोट घाला. एक बोट सहज जाणं बरोबर. दोनपेक्षा जास्त जात असतील तर मान बारीक झाली आहे, आणि सैल कॉलरमध्ये कुणीही आजारी दिसतं. कॉलर एक नंबर लहान घ्या किंवा पट्टीची कॉलर लावून घ्या. खांद्याची शिलाई हाडाच्या टोकावर असू द्या, दंडावर उतरलेली नको. पँटचा प्रश्न निराळा आहे. पोट पुढे आलेलं आणि मागचा भाग सपाट झालेला असतो. म्हणून पँट पोटाखाली घसरते आणि मागे कापडाची झोळी होते. पुढची बैठक (कमरेपासून दोन पायांमधल्या शिलाईपर्यंतचा भाग) दोन सेंटिमीटर वाढवायला आणि मागची तेवढीच कमी करायला सांगा. पट्ट्याने आवळून हे बसत नाही. गेलिस (खांद्यावरून पँट धरणारे पट्टे) आवडत असतील तर कमरेच्या पट्टीला आतून सहा बटणं लावून घ्या, चार पुढे, दोन मागे. चिमट्याच्या गेलिसने कापड खराब होतं आणि बसता-उठताना चिमटा सुटतो.

प्रश्न : केस रंगवणं सोडलं. पांढरे केस मला आवडतात, पण माझे लाडके मोहरी आणि खाकी रंग आता चेहरा आजारी दाखवतात. वय ७०.

उत्तर : केसांतलं आणि त्वचेतलं रंगद्रव्य कमी झालं की चेहऱ्यावरचा गडद-फिकट फरक मावळतो. पूर्वी काळे केस आणि भुवया मोहरी रंगाला तोलून धरत होत्या. आता ते वजन उरलं नाही. म्हणून रंग एकेक करून पुन्हा तपासावे लागतात, आणि त्यासाठी कुठला तक्ता लागत नाही.

दिवसा, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीसमोर बसा. चेहऱ्याला काही लावू नका, अंगावर पांढरा पंचा घ्या म्हणजे घातलेल्या कपड्याचा रंग मधे येणार नाही. घरातल्या ओढण्या, साड्या, टॉवेल, उशीचे अभ्रे, जे मिळेल ते आठ-दहा रंग एकामागून एक हनुवटीखाली धरा. कापडाकडे बघू नका. डोळ्यांखालची वर्तुळं, नाकाच्या बाजूच्या रेघा आणि हनुवटीखालची सावली बघा. ती गडद झाली तर तो रंग चेहऱ्याजवळ नको. प्रत्येकाचा फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी बघा. ताज्या डोळ्यांना चटकन कळतं. एकाच रंगाच्या दोन छटा जरूर धरून बघा. निळसर पांढरा आणि सायीसारखा पांढरा यांत एक फुलवतो आणि एक मारतो. कोणता, ते प्रत्येकीचं वेगळं.

मोहरी टाकून देऊ नका. चेहऱ्यापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत येणारा रंगच चेहऱ्यावर परिणाम करतो. मोहरी सलवार, मोहरी शाल खांद्यावरून खाली सोडलेली, मोहरी पिशवी, हे सगळं चालेल. मोहरी कुर्ताच घालायचा असेल तर मानेशी दुसऱ्या रंगाची ओढणी किंवा गडद गळपट्टी घ्या.

एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा-जांभळा प्रकाश कमी आत येतो. नेव्ही आणि काळा यांतला फरक दिसेनासा होतो, निळे रंग मळकट वाटतात आणि पांढरं पिवळट. आपल्याला मळकट वाटतं म्हणून आपण ते कपडे टाळतो, पाहणाऱ्याला मात्र ते स्वच्छ निळेच दिसत असतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर महत्त्वाची खरेदी त्यानंतर करा. भिंग बदललं की कपाट वेगळंच दिसतं. तोवर नेव्ही कपड्याच्या आतल्या लेबलवर पांढऱ्या दोऱ्याची एक फुली घाला, काळ्याला काही नको. मोज्यांनाही तसंच.

प्रश्न : वयाच्या ७५व्या वर्षी लाल रंग, बिनबाह्यांचा ब्लाऊज, मोठे कानातले घालते. मुलं म्हणतात, वयाला शोभेल असं घाल. काय उत्तर देऊ?

उत्तर : घाला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २००५ साली आयरिस अ‍ॅपफेल यांच्या कपड्यांचं आणि दागिन्यांचं प्रदर्शन मांडलं, तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या. गोल जाड चष्मा आणि एकावर एक चढवलेली कडी-कंकणं हीच त्यांची ओळख होती. मुलांना एवढंच विचारा, "कशात अवघडल्यासारखी दिसते, ते नेमकं सांग." "शोभत नाही" याला उत्तर नसतं, "मुंढा सैल आहे" याला असतं. बिनबाह्यांच्या ब्लाऊजमध्ये खरी अडचण बहुधा तीच असते. काखेपाशी मुंढा एक सेंटिमीटर वर घेतला की तो नीट बसतो. कानातले मात्र वजनात हलके घ्या. कानाची पाळी पातळ झालेली असते आणि जड डुलाने छिद्र फाटत जातं. मागून आधाराची रुंद चकती लावली तर ओढ कमी होते.

प्रश्न : संधिवातामुळे बटणं लागत नाहीत. वय ६९. मुलीने वेल्क्रोचे "पेशंटचे" कपडे आणले, ते घालवत नाहीत. मला माझे शर्टच घालायचे आहेत.

उत्तर : तुमचेच शर्ट घाला. बदल आतून करता येतात.

सगळ्यात सोपा बदल बाहीच्या बटणाचा. ते काढून इलॅस्टिक दोऱ्याने पुन्हा लावा, बटण आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याची दोन-तीन मिलिमीटरची दांडी ठेवून. मग बटण लावलेलंच राहतं आणि हात आरपार जातो. पुढची बटणं साध्या शर्टाला साधारण ११ मिलिमीटरची असतात. ती १५ ते १८ मिलिमीटरची, कडेला उंच काठ असलेली घ्या आणि दोऱ्याची दांडी तीन-चार मिलिमीटर ठेवा, म्हणजे बोट खाली जायला जागा राहते. काज मात्र नव्याने करावं लागतं : बटणाचा व्यास अधिक जाडी. जुनं काज नुसतं कात्रीने वाढवलं तर महिन्याभरात उसवतं. आतून पातळ बक्रम (कडकपणासाठीचं अस्तर) चिकटवून मगच काज करा.

हेही जमत नसेल तर खोटी बटणपट्टी करा. बटण काढून ते काजावरच, वरच्या बाजूने शिवून टाका. बाहेरून शर्ट जसाच्या तसा दिसतो. आत, बटणामागे दोन सेंटिमीटरचा वेल्क्रोचा तुकडा किंवा शिवायचा लोहचुंबक. वेल्क्रोची मऊ बाजू वरच्या पट्टीला आतून आणि काटेरी बाजू खालच्या पट्टीला बाहेरून लावा. उलट लावली तर शर्ट उघडा असताना काटे अंगाला घासतात. धुण्याआधी वेल्क्रो बंद करा, नाही तर तो मोजे आणि लोकर ओढत बसतो. त्यात अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढा. पातळ मलमलीवर वेल्क्रो आखडतो, तिथे चुंबक बरे. पण पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं दुसरं यंत्र असेल तर चुंबकाची बटणं वापरू नका. चुंबक त्यापासून किमान पंधरा सेंटिमीटर लांब असावा लागतो आणि शर्टाच्या पट्टीवर ते शक्य नसतं. दाबायची टिचबटणं आम्ही तुम्हाला सुचवत नाही. ती बाहेरून सोपी वाटतात, पण लावायला अंगठ्याचा जो जोर लागतो तोच संधिवातात दुखतो.

आणखी एक वाट म्हणजे वरची दोन बटणं सोडून बाकी कायमची लावून टाकणं आणि शर्ट डोक्यातून घालणं. त्यासाठी छातीचा घेर अंगाच्या मापापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर जास्त हवा. खांदा वर जात नसेल तर हे जमणार नाही. त्याऐवजी काखेत आठ ते दहा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घालून घ्या, हात उचलला तरी शर्ट वर ओढला जाणार नाही. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. हात टेकायची खुर्ची आणि जमिनीला टेकलेले पाय, अशा स्थितीत कपडे घाला, उभ्याने नको. सुती शर्टावर जाड लोकरीचा स्वेटर अडकतो. त्याऐवजी आतून गुळगुळीत अस्तर असलेलं जाकीट घेतलं तर हात सरकत जातो.

पँटला मागच्या अर्ध्या कमरेत तीन-चार सेंटिमीटर रुंदीचं इलॅस्टिक आणि पुढे सपाट पट्टी ठेवा, म्हणजे शर्ट खोचला तरी इलॅस्टिक दिसत नाही. कमरेच्या पट्टीला आतून दोन्ही बाजूंना सात सेंटिमीटरचे फितीचे फासे शिवा, त्यांत अंगठा घालून पँट वर घेता येते. चेनच्या टोकाला अडीच सेंटिमीटरची कडी लावा. साडी नेसणाऱ्या वाचकांसाठीही हेच तत्त्व आहे. निऱ्या एकदाच घालून वरून पट्टीला शिवून टाका, पट्टी कमरेला रुंद हुकाने लावा आणि खांद्याची पिन वगळून पदराखाली वेल्क्रो लावा. ब्लाऊजचे हुक पुढे असू द्या, आणि हवे तितकेच. सहा बारीक हुकांपेक्षा तीन मोठे बरे.

प्रश्न : लघवीवर पूर्ण ताबा राहत नाही, म्हणून मी गडद, जुनाट कपड्यांतच राहते आणि बाहेर जाणं टाळते. वय ७४.

उत्तर : आधी डॉक्टरांना दाखवा. या त्रासावर उपचार असतात आणि ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने बऱ्याच जणींना फरक पडतो. वयाचा भाग म्हणून सोडून देऊ नका.

गडदच कपडे घातले पाहिजेत असं नाही. ओल सर्वांत जास्त दिसते ती साध्या राखाडी, खाकी आणि फिक्या निळ्या कापडावर. मध्यम आकाराच्या, दोन-तीन रंगांच्या छपाईवर ती जवळजवळ दिसत नाही, मग रंग कितीही प्रसन्न असो. वरचा कपडा मांडीच्या मध्यापर्यंत ठेवा. पॅडला जागा लागते, म्हणून सलवार किंवा पँटची बैठक दोन-तीन सेंटिमीटर सैल हवी. घट्ट बैठकीत पॅड सरकतं आणि गळती तिथूनच होते. नाडीची गाठ घाईत सुटत नाही, तिथे इलॅस्टिक लावा. एकसंध, वर-खाली जोडलेले पोशाख सध्या बाजूला ठेवा. पिशवीत एक जोड, एक पॅड आणि बंद होणारी प्लास्टिकची पिशवी असू द्या. बाकी तुम्हाला जे आवडतं ते घाला.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे. ती रोज एकच निळा पोशाख मागते, कपाट उघडलं की गोंधळते, कधी उलटं-पालटं घालते. ती पूर्वी फार टापटीप होती, म्हणून मला वाईट वाटतं.

उत्तर : तो निळा पोशाख तिच्याकडे उरलेली स्वतःची खूण आहे, ती काढून घेऊ नका. तसेच आणखी दोन शिवून घ्या आणि रात्री एक धुवायला टाका. तेच कापड मिळालं नाही तर तोच रंग, तोच गळा आणि हाताला तसाच लागणारा पोत निवडा. स्पर्शात फरक पडला की "हे माझं नाही" म्हणून ती नाकारू शकते. सोयीचे म्हणून एकदम सगळे नवे कपडे आणू नका.

पूर्ण कपाट समोर येऊ देऊ नका. बिछान्यावर दोनच पोशाख मांडा आणि "यातला कुठला?" असं विचारा. निवड तिचीच राहते, फक्त ती पेलण्याएवढी होते. फिक्या चादरीवर गडद कपडे मांडा म्हणजे ते वेगळे दिसतील. घालायच्या क्रमाने रचा, पहिला कपडा सर्वांत वर, आणि एकेक हातात द्या. ती टापटीप होती तर तिचा रुमाल, घड्याळ, हातातली पिशवी, केस विंचरण्याची पद्धत जपा. पिशवीत काहीच नसलं तरी ती हवीच असते. ती जशी ओळखली जात होती ते अशा वस्तूंत असतं, आणि भेटायला येणाऱ्यांनाही ते आधी दिसतं.

उलटा घातलेला स्वेटर तसाच राहू द्या. हस्तक्षेप तीनच ठिकाणी करा : पायात येणारी कड, निसटणारी चप्पल, आणि हवेला न झेपणारे कपडे. ती मधेच कपडे काढू लागली तर मागून बंद होणारा कपडा घालायची घाई नको. आधी कारण शोधा. उकडतंय, लेबल टोचतंय, शौचाला जायचंय किंवा कुठे दुखतंय, यांपैकी एखादं कारण बहुधा निघतं. लेबल कापून नव्हे तर उसवून काढा, कापलेलं टोक जास्त टोचतं. लोकरीचं टोचणं तिच्या जाड तंतूंमुळे असतं. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला बोचतात, २०च्या आतली बारीक मेरिनो लोकर बोचत नाही.

प्रश्न : जुने रेशमी कपडे आणि एक कोट. अंगात बसत नाहीत, टाकवत नाहीत.

उत्तर : आधी बाजूची शिलाई उघडून आतली माया मोजा. दोन्ही बाजूंना, पुढच्या-मागच्या दोन्ही भागांत दीड-दीड सेंटिमीटर मिळाली तर घेर सहा सेंटिमीटरने वाढतो. गडद रेशमावर आणि मखमलीवर जुन्या टाक्याची रेघ दिसत राहते. तिथे वाढवण्यापेक्षा बाजूला वेगळ्या कापडाची चार-पाच सेंटिमीटरची उभी पट्टी घालणं देखणं दिसतं. कोटाची लांबी आणि कंबर बदलता येते. खांदे बदलणं म्हणजे कोट नव्याने शिवणं, त्यात पडू नका.

रेशीम घडीवर विरतं. घडीची जागा दोन बोटांत धरून हलकेच ताणा. बारीक चिरा दिसल्या तर त्याचा कुर्ता शिवू नका, पहिल्याच बैठकीत फाटेल. चांगला राहिलेला भाग सुती अस्तरावर बसवून जाकिटाचा पुढचा भाग, पिशवी किंवा गळपट्टी करा. म्हणजे तो कपडा कपाटात न राहता पुन्हा अंगावर येतो. जे जपायचं आहे ते सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. दर तीन महिन्यांनी घडी वेगळ्या रेषेवर घाला, आणि डांबराच्या गोळ्या कापडाला किंवा जरीला टेकू देऊ नका.

प्रश्न : कानामागे श्रवणयंत्र आहे. उंच कॉलर आणि मफलर माझी सवय, पण सारखा खरखर आवाज येतो.

उत्तर : कापड यंत्राच्या मायक्रोफोनवर घासतं, त्याचा तो आवाज. कॉलरची उंची दीड-दोन सेंटिमीटर कमी करा, मफलर कानाच्या खाली एकच वेढा देऊन पुढे सोडा, आणि लोकरीऐवजी मऊ सुती किंवा रेशमी घ्या. टोपी कानांवर ओढायची झाली तर विरळ विणीची निवडा, दाट विणीत आवाज दबतो. मफलर काढताना आधी एका हाताने यंत्र धरा. चष्मा, यंत्र आणि मफलर एकमेकांत अडकून यंत्र नकळत पडतं, आणि घरी आल्यावरच ते लक्षात येतं.